कमी दिवसांचं बाळ घरी आलंय? मग या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात मानखुर्दहून एक आजी आणि त्यांची सून बाळाला तपासणीसाठी घेऊन आल्या. ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ, वजन १.६ किलो. अंगावर दोन स्वेटर, त्यावर दुपटं, त्यावर गोधडी. आजींना घाम फुटलेला, पण बाळाच्या तळपायाला हात लावला तर गारठलेले. पोटही थंड. "एवढं गुंडाळून आणलंय हो सिस्टर!" आजी रडवेल्या झाल्या.

मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे आणि हीच चूक सगळ्यात जास्त वेळा पाहते. गोधडी ऊब तयार करत नाही, असलेली ऊब धरून ठेवते. कमी दिवसांच्या बाळाच्या कातडीखाली चरबी फारच कमी असते, त्यामुळे धरून ठेवायला ऊब आणायची कुठून? ती आईच्या अंगातून येते. आम्ही स्वेटर उतरवले, डोक्यावर टोपी आणि लंगोट एवढंच ठेवून बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून साडी बांधली. डॉक्टर तपासत होते तोवर पाय कोमट व्हायला लागले होते.

या पद्धतीला 'कांगारू मदर केअर' म्हणतात. ती १९७८च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी सुरू केली. तिथे बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी पडत होत्या. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की कमी दिवसांच्या बाळाला दिवसातले ८ ते २४ तास असं ठेवा. आपल्याकडे काय होतं? आई ब्लाउज न काढता बाळाला दहा मिनिटं कुशीत घेते आणि म्हणते, "केलं कांगारू." कातडीला कातडी लागायला हवी. बाळ उभं, मान एका बाजूला वळलेली, हनुवटी छातीत रुतलेली नको, आणि एका वेळी निदान तासभर तरी. दहा बाय दहाच्या खोलीत सासरे-दीर असताना हे अवघड असतं, मला माहीत आहे. दोरीवर साडीचा पडदा टाका, पुढून बटणांचा गाऊन वापरा. आई दमली की बाबांनी शर्ट काढून बसावं. बाबांच्या छातीलाही तीच ऊब असते.

बाळ गार पडलंय का, हे घरी कसं कळेल? हाताच्या पाठीने आधी पोट, मग तळपाय पाहा. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार असतील तर लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच दवाखान्यात निघा. गरम पाण्याची पिशवी किंवा बल्ब नको, नाजूक कातडी भाजते.

दुधाचंही तसंच. "झोपलंय, उठवू नका" हे पूर्ण दिवसांच्या बाळाला एक वेळ चालेल. कमी दिवसांचं बाळ भूक लागली तरी बऱ्याचदा रडतच नाही. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, त्याला जागं करून पाजा. ३४ आठवड्यांआधी ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसलेला नसतो, म्हणून काढलेलं दूध डॉक्टरांनी ठरवलेल्या मापाने वाटी-चमच्याने, बाळाचं डोकं उंच धरून द्या. बाटली नको. आडवं झोपवून ओतलेलं दूध फुफ्फुसात जाऊ शकतं. "दूध येत नाही" म्हणून लगेच पावडरचा डबा आणू नका. दूध पिळून काढत राहिलं की वाढतं, तेही दिवसातून आठ वेळा तरी. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी, म्हणजे इतर आयांनी दान केलेल्या दुधाची पेढी, सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. बाळ वॉर्डात असेल तर तिथेच पेढीच्या दुधाबद्दल विचारा. डबा पुरवायला पाणी वाढवणं, मध चाटवणं, गुटी उगाळणं, यातलं काहीही नको.

धुरी तर अजिबात नको. अंघोळही २.५ किलो होईपर्यंत थांबवा, ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरे.

कावीळ दिसली की चाळीच्या गॅलरीत कोवळ्या उन्हात धरून बसतात. त्यात बाळ गार पडतं आणि उपचाराचे दिवसही वाया जातात. तळहात-तळपाय पिवळे दिसले, बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, छाती आत ओढत श्वास घेऊ लागलं किंवा श्वास मिनिटाला ६०च्या वर गेला, तर त्याच घटकेला निघा. १०८ला फोन करा. खाजगी नर्सिंग होमच्या डिपॉझिटसाठी मंगळसूत्र गहाण टाकण्याआधी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात विचारा. २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे.

आणि डोळे. २ किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा मागचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासावाच लागतो. फार लहान बाळांचा त्याहून लवकर. बाहेरून डोळे छान टपोरे दिसतात, आत रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत असतात. वेळेत लेझर केलं तर बहुतेकांची नजर वाचते. पण घरी सव्वा महिना पाळतात, बाळाला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत, किंवा बाळंतीण माहेरी साताऱ्याला, कोकणात जाते आणि तारीख हुकते. म्हणून मी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने ती तारीख लिहिते आणि निघण्याआधी आजींकडूनच मोठ्याने वाचून घेते.