सिम्युलेशनच्या नोंदीत मी रिकामी सोडलेली ओळ

नागपूरच्या एका महाविद्यालयीन ग्रंथालयात मी रुजू झाले, तेव्हा ग्रंथालयशास्त्राची पदवी हाती होती, कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर चालवता येत होते आणि तालिकीकरणाची, म्हणजे प्रत्येक साधनाची सूचीनोंद करण्याची, भीती उरली नव्हती. शैक्षणिक खेळ आणि सिम्युलेशन (संगणकावर प्रयोगाची नक्कल करणारी साधने) यांचा संग्रह माझ्याकडे सोपवला गेला, तेव्हा हेही पुस्तकांसारखेच दाखल करायचे असते, अशी माझी समजूत होती.

डब्यातल्या खेळांनी मला फारसे छळले नाही. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी आमच्याकडे बिअर गेम आहे. १९६० च्या दशकात एमआयटीमध्ये तयार झालेल्या या खेळात किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार भूमिका असतात आणि मागणीतला लहानसा बदल साखळीच्या मागच्या टोकापर्यंत पोचताना केवढा फुगतो, ते खेळता खेळता उमगते. आमचे एक प्राध्यापक कळमना बाजारातल्या संत्र्यांच्या पेट्या कल्पून तो खेळवतात. अशा खेळाच्या भौतिक वर्णनात पट, सोंगट्या आणि चिठ्ठ्या यांची संख्या लिहावी, तीच यादी झाकणाच्या आतून चिकटवावी आणि परत घेताना वाचकासमोर मोजणी करावी, एवढे पुरते.

मी फसले ती सिम्युलेशनच्या नोंदींत. २०१९ मध्ये भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या सिम्युलेशनच्या नोंदी मी इतर ग्रंथालयांकडून झेड ३९.५० ही नोंदी शोधून उतरवण्याची संगणकीय पद्धत वापरून आयत्या उतरवून घेतल्या. शीर्षक होते, विषय होता, ८५६ या क्षेत्रात, म्हणजे नोंदीतल्या त्या क्रमांकाच्या रकान्यात, दुवाही होता. ५३८ हे क्षेत्र मात्र रिकामे होते. साधन कोणत्या प्रणालीवर, कोणत्या ब्राउझरमध्ये आणि कोणत्या प्लगइनच्या (ब्राउझरला जोडायच्या पूरक सॉफ्टवेअरच्या) आधाराने चालते, हे ज्या ओळीत लिहायचे, नेमकी तीच ओळ मी अनावश्यक समजून सोडून दिली. त्यांतली काही सिम्युलेशन फ्लॅश या प्लगइनवर चालत होती. २०२० अखेर फ्लॅशचा आधार थांबेल, असे ॲडोबने जुलै २०१७ मध्येच जाहीर केले होते. मी ते वाचले नव्हते. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरमधला मजकूर चालणेच बंद झाले. कोविडमुळे तेव्हा वर्ग ऑनलाइन होते. एका प्राध्यापकांनी प्रात्यक्षिकासाठी आमच्या ओपॅकमधला (वाचकांसाठीच्या ऑनलाइन सूचीतला) दुवा विद्यार्थ्यांना दिला आणि सगळ्यांसमोर एक रिकामी चौकट उघडली. त्यांचा फोनवरचा आवाज मला अजून आठवतो.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. आणखी कोणती सिम्युलेशन बंद पडली आहेत, हे नोंदींवरून कळायला काहीच मार्ग नव्हता. ५३८ मध्ये ‘फ्लॅश प्लेयर आवश्यक’ एवढे तीन शब्द असते, तर एका शोधात सगळी यादी हाती आली असती. त्याऐवजी प्रत्येक दुवा मला स्वतः उघडून पाहावा लागला. म्हणून आयती नोंद उतरवून घेण्याची सवय लागली असेल, तर ती याच साधनांपुरती तरी मोडा. ५३८ मध्ये प्रणाली लिहा, इंटरनेटशिवाय चालते का ते लिहा आणि शेवटच्या तपासणीची तारीख लिहा. विकत घेतलेल्या सिम्युलेशनबाबत परवाना किती वापरकर्त्यांचा आणि कधीपर्यंतचा आहे, हे देयक मंजूर होण्यापूर्वी लेखी मागून घ्या.

एवढ्याने घाबरून या कामापासून दूर मात्र राहू नका. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर परिसरात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाने आपली अनेक सिम्युलेशन एचटीएमएल५ मध्ये, म्हणजे प्लगइनशिवाय ब्राउझरमध्येच चालतील अशी, नव्याने बांधली आहेत. ती विनामूल्य आहेत, त्यांतली काही मराठीतही मिळतात आणि उतरवून घेतली की प्रयोगशाळेतल्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालतात. माझ्या बंद पडलेल्या अनेक नोंदींना तिथेच पर्याय सापडला.

मार्गदर्शक शोधताना पदनामाकडे पाहू नये, असे माझे ठाम मत आहे. मला सर्वांत उपयोगी पडलेली शिकवण देवघेव विभागातल्या परिचर काकांची आहे: वस्तू परत आली की आधी उघडून पाहायची, मग सही करायची. डब्यांना मी हा नियम पहिल्या दिवसापासून लावला होता. दुव्यांनाही तो लागू आहे, हे ध्यानात यायला मला २०२१ उजाडावे लागले. आता प्रत्येक सत्र सुरू होण्याआधी आम्ही दोघे संगणकासमोर बसतो, मी दुवा उघडते आणि काका वहीत खूण करतात. जो दुवा चालत नाही, त्याची नोंद आम्ही खोडत नाही. ती ओपॅकमधून झाकतो आणि संबंधित प्राध्यापकांना त्याच दिवशी कळवतो.