चौघांचा प्रोजेक्ट आणि एक काळी वायर

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी सोसायटीच्या टाकीतली पाण्याची पातळी दाखवणारं यंत्र करायला घेतलं. एक डोंबिवलीची, एक वसईचा, एक परळचा आणि मी भांडुपचा. पहिल्याच दिवशी कामं वाटली: सेन्सर वसईकडे, कोड डोंबिवलीकडे, पॉवर सप्लाय परळकडे. रिपोर्ट माझ्याकडे, कारण घरी प्रिंटर होता!

मग दीड महिना जो तो आपापल्या घरी. व्हॉट्सॲपवर रोज ‘माझं झालं’. खोटं कुणीच बोलत नव्हतं. ज्याचा भाग त्याच्या टेबलावर व्यवस्थित चालत होता.

जोडायला बसलो ते सबमिशनच्या चार दिवस आधी. बादली भरा नाहीतर रिकामी करा, आकडे वाट्टेल ते. दोन तास भांडलो, मग कुणीतरी मल्टीमीटर काढला. सेन्सर परळच्या ॲडॅप्टरवर, बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीवर, आणि दोन्हींचे ग्राउंड (शून्य व्होल्टची बाजू) एकमेकांना जोडलेलेच नव्हते. एक काळी वायर हवी होती. ती कुणाच्याच वाट्याला आली नव्हती.

दुसरं दुखणं तसंच. वसईवाल्यानं सेन्सर तपासला ५ व्होल्टच्या आर्डुइनो उनो या बोर्डवर, कोड लिहिला गेला ईएसपी८२६६ या दुसऱ्याच बोर्डसाठी, ज्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या. आमच्या सेन्सरची, म्हणजे एचसी-एसआर०४ ची, इको पिन (जिथून सिग्नल बाहेर येतो ती) मात्र ५ व्होल्ट देते. मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पळालो, त्या ५ व्होल्टचे साधारण ३.३ करायला १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर आणले. (शनिवार होता म्हणून बरं, रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद.)

तुम्ही नवीन असाल तर पहिल्याच आठवड्यात एका कागदावर लिहा: कुठल्या पिनेतून कुठल्या पिनेत, किती व्होल्ट, आणि ती वायर कोण लावणार. नावासकट. आणि अर्धंकच्चं असलं तरी त्याच आठवड्यात सगळं एकदा जोडून बघा. नुसता एलईडी लुकलुकला तरी चालेल. आम्हा चौघांना भेटायला दादर सोयीचं होतं. पण हे सगळं सुचलं शेवटच्या आठवड्यात.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं मला विचारलं, “हे दोन रेझिस्टर कशाला?” सोल्डर मीच केले होते, म्हणून सांगता आलं. कोडचं विचारलं असतं तर मी डोंबिवलीकडे बघत बसलो असतो.