ढोल पथकातला पहिला गणपती: या चुका टाळा

आषाढात पुण्यातल्या नदीपात्रात सराव सुरू झाले की नवी पोरं-पोरी नाव नोंदवतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, "दादा, ढोल कधी बांधायला मिळणार?" मी म्हणतो, आधी टाळीवर हात बसव, मग बघू. निम्मे तोंड वाकडं करतात. ढोल मिळाल्यावर घोटाळा करणारेही बहुतेक त्यांच्यातलेच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मागच्या रांगेत उभं राहून नुसत्या कानावर वाजवणं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पुढचा ताशा तुमच्यापासून 50 मीटरवर असेल तर त्याचा ठोका तुम्हाला सुमारे 0.15 सेकंद उशिरा ऐकू येतो. तुम्ही त्यावर वाजवलेला ठोका पुढे पोचायला पुन्हा तेवढाच वेळ. मिनिटाला 120 ठोक्यांची लय धरली तर दोन ठोक्यांत जेमतेम अर्धा सेकंद असतो, त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ असाच जातो. विसर्जन मिरवणुकीच्या लक्ष्मी रस्त्यावर इमारतींवर आपटून परतणारा आवाज वेगळाच. मैदानातल्या स्पर्धेत पथक आटोपशीर उभं असतं, म्हणून तिथे ही चूक लपते. मोठी पथकं ताशे मधेमधे पेरतात ती याचसाठी.

एका विसर्जनाला बेलबाग चौक ओलांडून आम्ही पुढे सरकलो होतो. ताशाने हात, म्हणजे वाजवायचा ठेका, बदलला. पुढच्या रांगा नव्या हातावर गेल्या, पण मागची नवी भरती मान खाली घालून जुनाच हात जीव तोडून वाजवत राहिली. मधल्यांना कळेना धरायचं कोणाचं. शेवटी ताशेवाल्यांनी वादनच थांबवलं. त्या शांततेत कडेला उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "सराव करता ना रे, पोरांनो?" मला त्यावर उत्तर सुचलं नाही.

मी काय करतो? मान वर ठेवतो. पुढच्या रांगेतल्या एका भरवशाच्या माणसाचं टिपरू (ढोल वाजवायची काठी) हेरून ठेवतो आणि नजर तिथून हलवत नाही. हात बदलण्याआधी वादनप्रमुखाचा हात वर जातो. तो ज्याला दिसत नाही त्याने ढोल सोडून झांज घ्यावी. (झांजवाले माझ्यावर चिडतील, आणि बरोबरच आहे, झांजही सोपी नाही.)

दुसरी चूक, टिपरू मुठीत आवळणं. नव्या मुलाला वाटतं, ढोल ताकदीने वाजतो. तासाभरात मनगट भरून येतं, तर्जनीला फोड येतो आणि मग थापीचा, म्हणजे ढोलाच्या दुसऱ्या बाजूला तळव्याने वाजवणारा हात टिपराच्या मागे फरफटत जातो. टिपरू पानावरून (ढोलाच्या ताणलेल्या पडद्यावरून) स्वतः उसळतं, त्याला उसळू द्या. पोटरीएवढे दंड असलेले पैलवान सिटी पोस्टाच्या आधी गळालेले मी पाहिलेत आणि किरकोळ अंगाच्या मुली मिरवणूक संपते त्या अलका चौकापर्यंत त्याच जोमात वाजवताना पाहिल्यात.

लय चढवायची घाईही आवरा. संथ लयीत ज्याचा हात स्वच्छ येत नाही, त्याचा द्रुत लयीत नुसता गोंगाट होतो. 2024 साली हरित लवादाने गटात ढोल-ताशा-झांज मिळून 30 जणांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही आनंदलो. पण नीट वाजवणारे 30 जण पुरतात, असं माझं मत आहे. पथकात हे बोलायची सोय नाही.

कानांचं काय? 85 डेसिबल आवाजात आठ तास सुरक्षित मानतात आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. कापसाचे बोळे कुचकामी आहेत, फोमचे इअरप्लग घ्या.

चामड्याचं पान पावसात सैल पडतं. मिरवणुकीआधी सगळ्या दोऱ्या एकदम करकचून आवळू नका, थोड्या-थोड्या सारख्या ताणा. फायबरच्या पानाला ही कटकट नाही, आवाजाची ती मजाही नाही.

नवी कोल्हापुरी विसर्जनाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. उपाशी वाजवायला येऊ नका. सरावाला दांडी मारून फेटा-कुर्त्यापुरते उगवणार असाल तर येऊच नका. आणि वाजवताना रील काढणाऱ्याला मी रांगेतून बाहेर काढतो, मग तो कोणाचाही भाचा असो.