नव्या लॅपटॉपची बॅटरी हलतेय? कागदाची घडी कोंबण्याआधी या चुका टाळा

लॅपटॉप उचलला की खालून 'टक' आवाज येतो, टाइप करताना मागची कड किंचित खालीवर होते. नव्याकोऱ्या मशीनमध्ये एवढ्यानंही जीव वरखाली होतो. पण बॅटरी हलणं वेगळं आणि बॅटरीचा संपर्क सुटणं वेगळं. लोक बिघडवतात ते बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी एकच समजून.

बाहेरून काढता येणारी बॅटरी आणि लॅपटॉपचा तळ वेगवेगळ्या साच्यांतून निघतात. बॅटरी सहज निघावी-बसावी म्हणून दोघांमध्ये थोडी फट मुद्दाम सोडलेली असते. वीज वाहून नेणाऱ्या जोडणीत एका बाजूला धातूची पातळ पाती असतात, समोरच्या बाजूला खाचा आणि त्यांच्या आत स्प्रिंगसारखे चिमटे. पातं चिमट्यात पुरेसं आत शिरलेलं असल्यामुळे बॅटरी अर्धा मिलिमीटर सरकली तरी पकड सुटत नाही.

म्हणून आधी खात्री करा. काम सेव्ह करा, बॅटरी निम्म्याहून जास्त चार्ज असू द्या, चार्जर काढा आणि लॅपटॉप चालू असतानाच बॅटरीची कड बोटानं हलकेच दाबून सोडा. असं दहा-बारा वेळा, दोन्ही टोकांना. स्क्रीन लुकलुकली नाही, मशीन बंद पडलं नाही, तर ती नुसती ढिलाई आहे. आता चार्जर लावून तेच करा. बॅटरीच्या चिन्हावर फुली आली किंवा 'चार्ज होत नाही' असं दिसू लागलं, तर गडबड संपर्कात आहे. जोडणीतली सगळी पाती वीज नेत नाहीत. काही पाती बॅटरीतल्या सर्किटची माहिती लॅपटॉपला देतात. तेवढीच सुटली तर बॅटरी भरलेली असूनही लॅपटॉप तिला ओळखत नाही.

सरळ वरून दाबून बसवणं

बऱ्याच बॅटऱ्यांच्या एका कडेला प्लास्टिकचे छोटे आकडे असतात. ते आधी खाचेत तिरके सरकवायचे आणि मग दुसरी बाजू खाली दाबायची. सरळ दाबली की आकडा खाचेबाहेर राहतो, बॅटरी एका टोकाला उचललेली दिसते आणि दोन-चारदा जोर लावला की आकडा तुटतो. काही मॉडेलमध्ये बॅटरी मागून आडवी सरकवावी लागते. तळावरचे बाण बघा.

दुसरा खटका विसरणं

तळाशी सहसा दोन खटके असतात. एक स्प्रिंगचा, आपोआप बसणारा. दुसरा हातानं सरकवायचा, शेजारी कुलपाचं चिन्ह असलेला. पहिला 'टक' वाजला की काम झालं असं वाटतं आणि दुसरा उघडाच राहतो. ढिल्या बॅटरीच्या तक्रारीत सगळ्यात आधी हेच तपासायचं.

कागद, पुठ्ठा किंवा फॉइल कोंबणं

ही सगळ्यात आवडती आणि सगळ्यात वाईट युक्ती. फॉइल किंवा चमकीचा कागद पात्यांजवळ सरकला तर थेट शॉर्टसर्किट. पुठ्ठ्याची जाड घडी बॅटरीला तिरकं ढकलते, मग पाती एकाच बाजूनं घासतात आणि आज चांगला असलेला संपर्क काही महिन्यांनी खरोखरच बिघडतो. आवाज सहनच होत नसेल तर लॅपटॉप बंद करा, बॅटरी काढा आणि पात्यांपासून लांब, बॅटरीच्या प्लास्टिकच्या कडेवर इलेक्ट्रिकल टेपचा एक थर लावा. एका थराची जाडी साधारण 0.13 मिलिमीटर असते. एकानं भागलं नाही तर दुसरा लावा, पण तिसरा नको. खटका पूर्वीसारखा सहज बसला पाहिजे. जोर लावावा लागला तर एक थर काढा.

पाती वाकवून 'घट्ट' करणं

स्क्रूड्रायव्हरनं पातं जरा वळवलं की पकड वाढेल, हा भ्रम आहे. चिमटा एकदा फाकला की परत आवळत नाही. सँडपेपरही नको, वरचा मुलामा निघून जातो.

फुगलेल्या बॅटरीला ढिली समजणं

बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवा. पाळण्यासारखी डुलली, मधोमध फुगवटा दिसला किंवा शिवण उकललेली असेल, तर आत वायू साठलाय. ती परत बसवू नका, दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. नव्या मशीनमध्ये हे क्वचितच होतं, पण झालं तर बदलूनच घ्यायची.

आतल्या बॅटरीसाठी झाकण उघडणं

हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी आतच स्क्रूनं आवळलेली असते. हलवल्यावर येणारा आवाज अनेकदा तिचा नसतोच, एका कडेवर टेकलेला टचपॅड तसा वाजतो. तो बोटानं दाबून धरा आणि परत हलवा. आवाज थांबला तर विषय मिटला. काहीतरी घरंगळल्यासारखं वाटलं तर निसटलेला स्क्रू असू शकतो, आणि तो मदरबोर्डवर पडला तर महागात पडेल. तेव्हा लॅपटॉप बंद करून सर्व्हिस सेंटरला न्या. स्वतः उघडून हाती येईल तो स्क्रू लावू नका, लांब स्क्रू थेट सेलमध्ये घुसू शकतो.

तक्रार लांबवणं

संपर्क खरंच सुटत असेल तर परत करण्याची मुदत संपायची वाट बघू नका. बॅटरी दाबल्यावर मशीन बंद पडतं, याचा सलग व्हिडिओ काढा. त्यात लॅपटॉपचा आणि बॅटरीचा अनुक्रमांक दिसू द्या. टेप लावली असेल तर आधी काढून टाका.