टीबीचे आकडे काढताय? आधी या चुका टाळा

दर तिमाहीला तेच. कुणीतरी नवा गडी निक्षयवरून, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवरून, यादी उतरवतो, एक्सेलमध्ये चार क्लिक करतो आणि जेवणाच्या सुट्टीआधी ग्रुपवर रंगीत आलेख टाकतो. तालुक्याचा सक्सेस रेट 87.5 टक्के! खाली अंगठ्यांची रांग. मी एवढंच विचारते, "खाली किती धरलेस?" मग कळतं, गड्याने निकालाच्या रकान्यातले रिकामे चौकोन फिल्टर लावून उडवलेत. "मॅडम, त्यांचा निकालच नाही ना."

निकाल नाही म्हणून माणूस नाही, असं कसं? समजा 100 रुग्ण नोंदवले. 70 बरे झाले किंवा त्यांचे उपचार पूर्ण झाले, 4 वारले, 6 जणांनी औषध सोडलं आणि 20 जणांचं काय झालं ते कुणी भरलंच नाही. खरा आकडा 70 टक्के. ते 20 उडवले की छेद 80 चा होतो आणि त्याच 70 जणांचे 87.5 टक्के होतात. काम कुणाचंच वाढलेलं नसतं. शिवाय ते 20 कोण असतात? फोन न लागणारे, पत्ता बदललेले, खासगी दवाखान्यातून नोंदले गेलेले आणि ज्यांच्या घरी कुणी गेलंच नाही असे. यादीतली सगळ्यात आधी बघायची नावं तीच. मी रिकाम्या चौकोनांची छापील प्रत काढते आणि गावनिहाय आशाताईंना वाटते. आठवड्यात निम्मे तरी सापडतात.

याचीच दुसरी बाजू म्हणजे घाई. साधा टीबी असला तरी उपचार 6 महिन्यांचे. जानेवारी ते मार्चच्या रुग्णांचे निकाल मे महिन्यात काढायला बसलात, तर यादीत कोण दिसणार? वारलेले आणि सोडून गेलेले. मरायला पंधरा दिवस पुरतात, बरं व्हायला सहा महिने लागतात. एकदा असाच आलेख बघून बैठकीत हाहाकार माजला होता. एका तिमाहीचे रुग्ण पुढच्या वर्षी त्याच सुमारास तपासायचे, आणि यादी निदानाच्या तारखेवरून काढायची, निकालाच्या नाही. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीची यादी वेगळीच ठेवा. त्यात कुणाचे उपचार 6 महिन्यांचे, तर कुणाचे 18 ते 20.

आता माझं आवडतं दुखणं. आमचा भाग ऊसतोडीचा. दिवाळी झाली की कोयते निघाले, ते पाडव्याच्या मागंपुढं परत. म्हणजे हंगाम साधारण उपचारांएवढाच लांब. एका वर्षी दसऱ्याला औषध सुरू केलेली एक बाई दिवाळीनंतर गेली. मुकादमाची उचल घेतलेली, थांबणार कशी? फोन बंद. सलग महिनाभर गोळ्या नाहीत, म्हणून नियमाप्रमाणे आमच्याकडे 'औषध सोडलं' असा शेरा पडला. त्या तिमाहीत अशी बरीच नावं होती, आणि बैठकीत आम्हीच उभे.

पाडव्यानंतर मी तिच्या घरी गेले. बाई चांगली ठणठणीत, अंग भरलेलं. आतून बिस्किटाचा डबा आणला, त्यात गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा एकावर एक रचलेल्या. "म्हटलं, ताई इचारतील." कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातून ती दर महिन्याला गोळ्या आणत होती. तिथे तिची नोंद नव्याने झाली होती. आमच्याकडे माहेरचं आडनाव, तिकडे सासरचं. आमच्याकडे तिचा नंबर, तिकडे मुकादमाचा. आयडी दोन. आमच्या खात्यात एक अपयश, त्यांच्या खात्यात एक यश, आणि राज्याच्या बेरजेत एक रुग्ण जास्त. उपचारांत काडीची चूक नव्हती, सगळा घोळ कागदावर.

तेव्हापासून दसऱ्याच्या आधी मी प्रत्येकाला विचारते, "औंदा फडावर जाणार का? कारखाना कुठला? मुकादम कोण?" उत्तर कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने. पोर्टलवर ट्रान्सफर टाकायची, आयडी तोच राहतो, आणि तिकडच्या सुपरवायझरला स्वतः फोन करायचा. नुसती ट्रान्सफर टाकून हात झटकणारे मी खूप पाहिलेत. आठ दिवसांनी दुसरा फोन करावाच लागतो.

दुबार नोंदी शोधताना नावावर जाऊ नका. पोर्टलवर नाव इंग्रजीत, आणि 'ज्ञानेश्वर' इंग्रजीत कोण कसा लिहील याचा नेम नाही. मी वय, गाव आणि बँक खात्याचा नंबर जुळवते. निक्षय पोषणचे, म्हणजे रुग्णाच्या आहारासाठीचे सरकारी पैसे यायचे असतात (नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000), त्यामुळे नावात गफलत होईल, खात्यात सहसा होत नाही.

'बरा झाला' आणि 'उपचार पूर्ण' हे एकच समजू नका. सुरुवातीला जंतू सापडले होते आणि शेवटच्या तपासणीत थुंकी निगेटिव्ह आली, तरच बरा. गाठीच्या टीबीत थुंकीचा प्रश्नच नसतो, तरी तो रुग्ण 'बरा' म्हणून भरलेला दिसला की मी अख्खी यादी परत पाठवते.

वर्षावर्षाची तुलना करताना हद्द बघा. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. ते विसरलात तर ठाण्यातला टीबी एका वर्षात कमी झाल्यासारखा दिसेल. महापालिकेचे आकडे जिल्ह्यात धरलेत की नाही, हेही बघा. छेदाला 2011 ची जनगणनाच वापरली असेल तर तसं लिहा.

2020 ची घसरण कौतुकाने दाखवू नका. देशात नोंदी 24 लाखांवरून 18 लाखांवर आल्या, कारण लॉकडाऊनमध्ये तपासायला कुणी आलंच नाही. उलटंही होतं. तालुक्यात ट्रूनॅट, म्हणजे टीबी तपासायचं मशीन, आलं किंवा 7 डिसेंबर 2024 ला सुरू झालेल्या 100 दिवसांच्या मोहिमेसारखी मोहीम लागली, की नोंदी वाढतात. घाबरू नका. आधी दर लाखामागे किती संशयितांची तपासणी झाली ते काढा. तपासण्या घटून रुग्ण घटले असतील, तर तो अहवाल मी सही न करता परत देते.

आणि गावाची टक्केवारी काढू नका. गावात रुग्ण दोन, त्यातला एक वारला, आणि नकाशावर गाव लालभडक, मृत्यूदर 50 टक्के! त्यापेक्षा उरलेल्या दुसऱ्या रुग्णाच्या घरी जाऊन या. साडेनऊची एसटी थेट जाते.