लेथवरचा टेपर आणि सी मधले उलटे त्रिकोणमितीय फंक्शन

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत जॉब हातात येतो तेव्हा ड्रॉइंगवर टेपरचा, म्हणजे निमुळत्या भागाचा, कोन दिलेला असेलच असं नाही. मोठा व्यास ४०, लहान ३०, लांबी ५०. बाकीचं तुम्ही बघा. आमच्याकडं येणाऱ्या शिकाऊ पोरांना मी हाच हिशोब सी या प्रोग्रामिंग भाषेत लिहायला लावतो.

व्यासांतला फरक भागिले लांबीची दुप्पट, आणि त्याचा एटॅन, म्हणजे उलटा टॅन: गुणोत्तरावरून कोन. म्हणजे १० भागिले १००. मापं इंट मध्ये, म्हणजे पूर्णांकात, घेतलीत तर या भागाकाराचं उत्तर शून्य येतं, टेपर गायब, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. म्हणून सगळी मापं डबल, म्हणजे दशांशवाली. आता ०.०९९७ येईल, पण ते रेडियनमध्ये. १८० ने गुणून पायने भागा: ५.७१ अंश. लेथवरची कंपाउंड स्लाइड, म्हणजे टूल धरणारी फिरती सरक, तेवढी फिरवायची. पायचा तयार स्थिरांक बऱ्याच कंपायलरांत असतो, पण सी च्या अधिकृत स्टँडर्डमध्ये तो नाही. मी सरळ उणे १ चा एकॉस (उलटा कोसाइन) घेतो, तो पायच येतो.

फ्लँजवरच्या, म्हणजे बोल्टसाठी होलं पाडलेल्या गोल चकतीवरच्या, होलचा कोन काढताना मात्र एटॅन नको. केंद्रापासून एक्स उणे ३०, वाय ३० असेल तर वाय भागिले एक्सचा एटॅन उणे ४५ अंश देतो, म्हणजे होल बरोबर पलीकडच्या बाजूला! भागाकार झाला की उणे चिन्ह कुणाचं होतं ते कळायला मार्ग उरत नाही. एटॅन२ ला दोन्ही आकडे वेगळे द्या, आधी वाय, मग एक्स. १३५ येतील. एक्स शून्य असला तरी अडत नाही.

खरा घोळ एसाइनचा, म्हणजे उलट्या साइनचा. दोन होलच्या केंद्रांमधलं अंतर भागिले पीसीडी (होलांची केंद्रं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास), त्याचा एसाइन, त्याची दुप्पट, हा त्यांच्यातला कोन. एसाइन आणि एकॉसला उणे १ ते १ च्या बाहेरचं काही चालत नाही. पीसीडी १२०, होल समोरासमोर आणि माप आलं १२०.०२, की पडद्यावर नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही'. एफमिन (दोनांतला लहान आकडा देणारं फंक्शन) लावून १ वर दाबा, असा सल्ला सर्रास मिळतो. फरक सोळाव्या दशांशातला असेल तर जरूर दाबा, तो डबलचा दोष. इथं फरक चौथ्या दशांशात आहे, तो व्हर्नियरचा. आणि माप ११९.९८ आलं तर नॅन येत नाही, कोन १७७.९ येतो. दोन शतांश मिलिमीटरला दोन अंश! १ च्या जवळ एसाइन असाच भडकतो. समोरासमोरच्या होलला तो वापरूच नका, एक्स-वाय मोजून एटॅन२ घ्या.

मॅथ डॉट एच जोडा, आणि लिनक्सवर जीसीसीच्या ओळीत फाइलच्या नावानंतर हायफन एलएम (-lm) लिहा, म्हणजे गणिताची लायब्ररी जोडली जाते. उणे १ चा एकॉस त्याच्याशिवायही चालून जातो, कारण स्थिर आकड्याचं उत्तर जीसीसी आधीच काढून ठेवतो. पण स्कॅनएफने, म्हणजे कीबोर्डवरून, माप घेतलंत की एलएमशिवाय लिंकर (प्रोग्रामला लायब्ररी जोडणारा) अडवतो.