फ्रान्समधे गाड्या नसलेले रस्ते शोधून सायकल कशी चालवायची (रांबुयेचं जंगल धरून)

फ्रान्स आणि सायकल म्हटलं की आपल्याला टूर द फ्रान्स नाहीतर आल्प्सचे घाट आठवतात. तिथे एकदा जाऊन यावं, ठीक आहे. पण माझं मत विचाराल तर तिथली खरी चैन म्हणजे शेतांमधून आणि जंगलातून जाणारे ते बारके डांबरी रस्ते, जिथे वीस-वीस मिनिटं एक गाडी दिसत नाही आणि डांबर मात्र आपल्या स्टेट हायवेपेक्षा बरं असतं. आता पॅरिसपासून तासाभरावर असले रस्ते असतील असं वाटत नाही, पण आहेत, रांबुयेचं जंगल त्यातलंच, फक्त ते आदल्या रात्री नकाशा घेऊन शोधावे लागतात. नुसतं फोनला "घेऊन चल" म्हटलं की तो गाड्यांच्या रस्त्यावर नेऊन सोडतो.

असे रस्ते इतके का आहेत तेही सांगतो. देशात सगळे मिळून साधारण ११ लाख किमी रस्ते आहेत, त्यातले ७ लाखांच्या आसपास ग्रामपंचायतींचे, म्हणजे तिथल्या कम्यूनचे, आणि पावणेचार लाखांच्या वर जिल्ह्यांचे. कम्यून आहेत जवळपास ३५ हजार, आणि प्रत्येकाचा शेजारच्या गावाला जोडणारा आपला जुना रस्ता. त्यामुळे दोन गावांमधे जायला बऱ्याचदा दोन-तीन वाटा असतात, गाडीवाले सगळे एकच धरतात, उरलेल्या तुमच्या.

१. रस्त्याचं नाव वाचायला शिका

ए म्हणजे मोटारवे, तिथे सायकल बंद. एन म्हणजे नॅशनल, बंद नसला तरी जाऊ नका, ट्रक असतात. डी म्हणजे जिल्ह्याचा रस्ता आणि खरी गंमत इथे आहे. सर्वसाधारणपणे आकडा मोठा तितका रस्ता बारका, असं सगळे सांगतात, आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे, पण २००६ च्या सुमारास सरकारने साधारण १८,००० किमी नॅशनल रस्ते जिल्ह्यांच्या गळ्यात मारले आणि त्यांना डी चे नवे नंबर मिळाले. पॅरिसच्या दक्षिणेला फाँतेनब्लोच्या जंगलातून जाणारा डी ६०७ म्हणजे जुना एन ७, आणि डी ६०६ म्हणजे जुना एन ६. दिसायला तीन आकडी निरागस डी, प्रत्यक्षात गाड्यांची रांग. म्हणून ६००, ९००, १००० च्या घरातला आकडा दिसला की आधी संशय घ्यायचा. सी म्हणजे कम्यूनचा रस्ता, तो दिसला की बिनधास्त वळा.

२. नकाशा कागदी असेल तर उत्तम

मिशलॅंचा (तीच ती टायरवाली कंपनी) १:१,५०,००० चा नकाशा अजूनही मला सगळ्यात भरवशाचा वाटतो, १ सेंटीमीटरला दीड किमी. लाल रस्ते सोडा, पिवळे नाइलाज असेल तर, आणि पांढरे बारीक ते आपले. रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असेल तर देखावा छान आहे असा अर्थ, पण हिरवी रेघ लाल रस्त्यालाही असते, फसू नका. चढ बाणांनी दाखवलेले असतात, एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन असतील तर चहा पिऊन घ्या आधी.

फोनवर करायचं असेल तर ब्रूटर नावाचा फुकट प्लॅनर आहे, त्यात कमी ट्रॅफिकवाला रोड सायकलचा प्रोफाइल आहे, तो घ्या. मग तो रूट स्ट्रीट व्ह्यूवर चार-पाच ठिकाणी बघा. एकच गोष्ट बघायची: रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ आहे का. रेघ नाही म्हणजे रस्ता अरुंद आहे आणि लांबचं जाणारं कोणी तिथून जात नाही. स्ट्रावा या सायकलवाल्यांच्या अ‍ॅपच्या हीटमॅपवर मात्र रूट ठरवू नका. कुठे सायकलवाले जास्त जातात एवढंच तो सांगतो, आणि पॅरिसजवळचे क्लबवाले सरळ मोठ्या रस्त्यांवरूनही तीस-तीसच्या घोळक्याने जातात. पॅरिसच्या नैऋत्येला शव्रझच्या खोऱ्यात दांपियेरजवळ सतरा वळणांचा फेमस चढ आहे, डी ९१ वर, हीटमॅपवर तो लालभडक दिसतो, आणि चांगल्या हवेच्या रविवारी तिथे सायकली आणि मोटरसायकली दोन्ही अंगावर येतात. शांतता हवी असेल तर मंगळवारी जा नाहीतर दुसरा चढ शोधा.

३. वाटेत पाट्यांचा रंग बघा

जीपीएस बंद पडलं तर हे कामाला येतं. हिरवी पाटी मोठ्या शहराकडे नेते, निळी मोटारवेकडे, पांढरी जवळच्या गावाकडे. पांढरी धरून गेलात की बहुतेक वेळा बरोबर रस्त्यावर असता, थोडं फिरून का होईना. 'रूत बारे' लिहिलेली पाटी म्हणजे पुढे रस्ता बंद, सायकल बऱ्याचदा निघून जाते पण पूल उखडलेला असेल तर आलात तसे परत. आणि उन्हाळ्यात 'ग्रावियों' दिसलं तर स्पीड कमी करा. डांबर ओतून वर बारीक खडी टाकलेली असते आणि ती बसवायचं काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडलेलं असतं, अशा वळणावर पुढचं चाक सरकायला काही लागत नाही.

४. वेळ साधा

कामाच्या दिवशी सकाळी साडेसात ते नऊ बारक्या रस्त्यांवरही ऑफिसवाले शॉर्टकट मारतात, तेव्हा कॉफी प्या. सगळ्यात मस्त वेळ दुपारी १२ ते २, कारण अख्खा देश जेवायला बसलेला असतो, रस्ते इतके मोकळे की विचारू नका. पण त्याच वेळात दुकानंही बंद! म्हणजे पावणेबाराच्या आत बेकरीतून सँडविच उचललेलं पाहिजे. रविवारी बेकरी दुपारपर्यंतच, सोमवारी बरीच दुकानं उघडतच नाहीत, आणि ऑगस्टमधे गावातला बेकरीवाला स्वतःच सुट्टीवर गेलेला असू शकतो, तेव्हा खिशात दोन चिक्क्या असू द्याच. दुकानात शिरताना आधी 'बोंजूर', मग बाकी सगळं. बोंजूर न म्हणता डायरेक्ट ऑर्डर दिली तर चेहरा बघण्यासारखा होतो.

पाण्यासाठी एक जुनी युक्ती आहे. गाव कितीही लहान असो, कबरस्तान असतंच आणि तिथे फुलांना पाणी घालायला नळ असतो. गेट ढकलायचं, बाटली भरायची, गेट लावून निघायचं. नळावर 'नॉं पोताब्ल' लिहिलेलं असेल तर ते पिऊ नका, डोक्यावर ओता.

५. नियम, कारण दंड खरंच होतो

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं हे पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर स्वतःला सांगावं लागतं, विशेषतः रिकाम्या रस्त्यावर, कारण चूक दाखवायला समोर कोणी नसतं. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो ट्रॅक्टर असो की आजींची छोटी कार, आणि आजी थांबत नाहीत हे लक्षात ठेवा. कानात इअरफोन २०१५ पासून बंद, दंड १३५ युरो. दिवसा दोघं शेजारी-शेजारी चालवू शकता, मागून गाडी आली की एका रांगेत या. गावाबाहेर गाडीवाल्याने ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे आणि खेड्यातले लोक ते पाळतात, दुसरी लेन पूर्ण धरून जातात, सुरुवातीला विश्वास बसत नाही. रात्री गावाबाहेर चमकणारं जॅकेट घालणं कम्पल्सरी आहे, लाइट आणि घंटीसुद्धा. हेल्मेटची सक्ती फक्त १२ वर्षांखालच्यांना, पण घाला.

६. जंगलात शिरल्यावर

जंगलातले रस्ते सरळसोट असतात, पूर्वी राजांच्या शिकारीसाठी आखलेले, आणि ठिकठिकाणी सहा-आठ रस्ते चांदणीसारखे एका चौकात येऊन मिळतात. सगळे सारखेच दिसतात. चौकाचं नाव खांबावर लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लावा, म्हणजे पडलात-बिडलात तर ११२ ला फोन करून सांगता येतं कुठे आहात.

रस्त्यावर आडवा दांडा दिसला तर तो गाड्यांसाठी असतो. पाटीवर मोटरसायकल आणि कारचं चित्र असेल तर सायकल चालते. लाल गोल आणि आत नुसतं पांढरं असेल तर सायकलसुद्धा बंद. डांबर आहे की नाही ते आयजीएनच्या (तिथल्या सरकारी नकाशा संस्थेच्या) नकाशावर आधी बघा, तुटक रेघ म्हणजे बहुधा माती.

टायर २८ किंवा ३२ मिमी रुंदीचे घ्या, हवा जरा कमी. ओक आणि बीचची ओली पानं ऑक्टोबरात साबणासारखी होतात, आणि मुळांनी डांबर उचललेलं असतं ते पानांखाली दिसत नाही. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा सीझन, 'शास ऑं कूर' (शिकार चालू आहे) अशी पाटी रस्त्याकडेला ठेवलेली दिसली तर भडक रंगाचं काहीतरी घाला आणि त्या बाजूने झाडीत आडोशाला जाऊ नका. संध्याकाळी हरणं रस्ता ओलांडतात, एक गेलं की लगेच पेडल मारू नका, मागे दुसरं असतंच. आणि गवतात बसलात तर रात्री पायांवर गोचीड चेक करा.

७. पहिली राइड: रांबुये

पुण्या-मुंबईच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइड) करणाऱ्या मंडळींना हे नाव पाठ आहे, कारण पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस २०१९ आणि २०२३ मधे इथूनच सुटली, १,२०० किमी, ९० तास. पण त्या गडबडीत हे जंगल बघायला कोणाला वेळ असतो! दर चार वर्षांनी होणारी ती राइड करायला जाणार असाल तर दोन दिवस आधी पोहोचा आणि हात-पाय मोकळे करायला इथे फिरा. नसाल जाणार तरी फिरा.

रांबुये स्टेशनवरून प्वान्यी-ला-फोरे, तिथून सँ-लेजे, मग गांबेझय नावाचं मूठभर घरांचं गाव, सगळ्या बाजूंनी झाडी. पुढे मोंफोर-लामोरी, इथे संगीतकार मॉरिस रॅव्हेल १९२१ पासून राहायचा, दगडी गल्ल्या, चौकात कॅफे, जेवायचं इथेच. परतताना ओलांदचे तलाव लागतात, चौदाव्या लुईच्या काळात व्हर्सायच्या कारंज्यांना पाणी पुरवायला बांधलेले. काठावर थांबलात तर ही तळी मुद्दाम केलेली आहेत असं अजिबात वाटत नाही, बदकं, लव्हाळी, मासे पकडणारे दोन-चार काका. तिथून दक्षिणेला रांबुये. सगळं मिळून ५० किमीच्या आसपास, मोठे चढ नाहीत. दुसऱ्या दिवशी पूर्वेला जायचं असेल तर डी ९०६ सरळ दिसतो म्हणून धरू नका, क्लेरफाँतेनवरून आतून जा, तेच ते फ्रान्सच्या फुटबॉल टीमचं गाव.

हे जमलं आणि वेळ असेल तर खाली, देशाच्या मध्यभागी आलिए जिल्ह्यात त्राँसेचं जंगल आहे, १०,००० हेक्टरच्या वर, बहुतेक ओक, त्यातले काही सतराव्या शतकात चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या काळापासून उभे. वाइनच्या पिंपांसाठी इथलं लाकूड जगभर जातं. तिथे रांबुयेपेक्षाही कमी गाड्या, आणि दुकानंही कमी, तेव्हा खाण्याचं बघून जा.

८. ट्रेनचं

पॅरिसच्या मोंपारनास स्टेशनवरून एन नावाची लोकल ट्रेन थेट रांबुयेला येते, सायकलला वेगळं तिकीट नाही. मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात सायकल चढवू देत नाहीत. त्यामुळे वीक-डेला गेलात तर एकतर चारच्या आत स्टेशनला या, नाहीतर सरळ आठची ट्रेन धरा, जूनमधे तसाही दहापर्यंत उजेड असतो. शनिवार-रविवारी ही कटकट नाही. लांबच्या टीजीव्हीला (फास्ट ट्रेनला) सायकलची जागा आधी बुक करावी लागते आणि ती कमी असते, उन्हाळ्यात लवकर संपते, म्हणून आधी ट्रेन बुक करा आणि मग हॉटेल.